दाब आणि क्षेत्रफळावरून बल कसं काढायचं: कुकरच्या झाकणापासून टिनाच्या छपरापर्यंत

बल बरोबर दाब गुणिले क्षेत्रफळ, सूत्र एवढंच आहे, आणि तरी शिकायला येणारे आठवीपासून पार डिप्लोमापर्यंतचे पोट्टे याच एका ओळीत अडकून राहतात. गुणाकार सगळ्यांना येतो हो, अडतं ते गुणाकाराच्या आधी. दाब नेमका कोणता घ्यायचा, क्षेत्रफळ कशाचं घ्यायचं आणि दोन्ही कोणत्या एककात लिहायचे, हे कागदावर आलं की पुढचं काम कॅल्क्युलेटरचं. म्हणून मी सूत्र पाठ करायला कोणालाच सांगत नाही, मी घरातलं, रस्त्यावरचं, एमआयडीसीतलं एकेक उदाहरण घेतो आणि आकडे टाकायला लावतो. इथंही तेच करू, पेन-कागद घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पहिलं कुकर घ्या. घरातल्या कुकरचा आतला दाब शिट्टी होते तेव्हा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटरने जास्त असतो. पास्कलमध्ये हा झाला साधारण ९८,००० पास्कल. एक पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल, फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलच्या नावावरून हे एकक आलंय. आता झाकणाचा व्यास समजा २० सेंटीमीटर आहे. व्यास २० म्हणजे त्रिज्या १०, आणि १० सेंटीमीटर म्हणजे ०.१ मीटर. क्षेत्रफळ ३.१४ गुणिले ०.१ गुणिले ०.१, आलं ०.०३१४ चौरस मीटर. ९८,००० गुणिले ०.०३१४ केलं की ३,०७७ न्यूटन. न्यूटनला ९.८ ने भागलं की किलोचा अंदाज येतो, म्हणजे ३१४ किलो. शिट्टी होत असताना त्या झाकणाला आतली वाफ ३१४ किलो वजनाएवढ्या बलाने वर ढकलून राहिली असते, चार-पाच मोठी माणसं होतात एवढ्यात!

इथंच थोडं थांबून हे बल जातं कुठं ते पाहा, कारण आकडा काढून सोडून दिला तर भौतिकशास्त्र अर्धंच झालं. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं त्यात वाफ झाकणाला वर ढकलते आणि झाकण भांड्याच्या काठाला आतून घट्ट दाबलं जातं, म्हणून दाब असताना ते उघडतच नाही. ज्याचं झाकण बाहेरून फिरवून लावतात त्यात हे सगळं बल काठाच्या खाचांवर येतं. शिट्टी उचलून वाफ काढली, फुसफुस थांबल्यासारखी वाटली, पण समजा आत दाबाचा दहावा हिस्सा अजून शिल्लक आहे. दहावा हिस्सा म्हणजे ९,८०० पास्कल, गुणिले ०.०३१४, म्हणजे ३०८ न्यूटन, ३१ किलो. असं बाहेरून लावलेलं झाकण खाचांतून सुटलं की ३१ किलोच्या जोराने उडेल आणि मागून उकळतं वरण येईल. त्यामुळे घरी कोणी घाईत झाकणाशी झटापट करत असेल तर त्यांना हा ३१ चा आकडा सांगा, खरंच सांगा.

त्याच कुकरची शिट्टी बघा. दाब तोच, पण शिट्टीखालच्या नळीचं भोक बारीक, समजा ३ मिलिमीटर व्यासाचं. त्रिज्या १.५ मिलिमीटर म्हणजे ०.००१५ मीटर, क्षेत्रफळ ३.१४ गुणिले ०.००१५ गुणिले ०.००१५, म्हणजे साधारण ०.०००००७ चौरस मीटर. ९८,००० ने गुणलं की ०.६९ न्यूटन, वजनात ७० ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅमचं वजन भोकावर ठेवलं की नेमका तेवढा दाब होईपर्यंत वाफ अडून राहते आणि त्याच्या वर गेला की वजन उचलून बाहेर पडते. तिकडे झाकणावर ३१४ किलो, इकडे शिट्टीवर ७० ग्रॅम, दाब मात्र एकच. दाब म्हणजे बल नव्हे हे मी शंभर वाक्यांत समजावलं असतं तरी यापेक्षा चांगलं समजलं नसतं.

आता एककाचं. सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि जवळजवळ सगळ्या एकाच जागी, चौरस सेंटीमीटरचे चौरस मीटर करताना. १ मीटरमध्ये १०० सेंटीमीटर हे डोक्यात पक्कं असतं म्हणून पोट्टे ३१४ चौरस सेंटीमीटरला १०० ने भागून मोकळे होतात. पण १ चौरस मीटर म्हणजे १०० गुणिले १००, दहा हजार चौरस सेंटीमीटर. १०० ने भागलं की उत्तर शंभरपट मोठं येतं, कुकरच्या झाकणावर ३१ टन! असं उत्तर आलं की लगेच खटकायला पाहिजे. यावर सरळ उपाय म्हणजे लांबी आधी मीटरमध्ये करा आणि मगच वर्ग करा, वर मी तसंच केलं. मिलिमीटर असेल तर आणखी जपा, १ चौरस मीटरमध्ये १० लाख चौरस मिलिमीटर असतात. आणि व्यास दिलाय की त्रिज्या हे दोनदा वाचा, व्यासच त्रिज्या समजून टाकला की उत्तर चौपट होतं.

दुकानात, वर्कशॉपमध्ये पास्कल कोणी बोलत नाही. पंक्चरवाल्याला आपण "३२ ठेव" म्हणतो ते पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर पौंड, १ पीएसआय म्हणजे साधारण ६,९०० पास्कल. कॉम्प्रेसरवर बार असतं, १ बार म्हणजे बरोब्बर १,००,००० पास्कल. जुन्या गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या मीटरवर, किलो प्रति चौरस सेंटीमीटर, मेकॅनिक त्याला नुसतं "किलो" म्हणतात, "सहा किलो प्रेशर आहे" वगैरे, ते बारच्या अगदी जवळ, २ टक्के कमी. एक शॉर्टकट मी सगळ्यांना देतो: दाब बारमध्ये, क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, दोघांचा गुणाकार आणि त्याला १० ने गुणा, उत्तर थेट न्यूटनमध्ये. काहून चालतं हे? १ बार म्हणजे एक लाख पास्कल, १ चौरस सेंटीमीटर म्हणजे दहा हजारावा भाग चौरस मीटर, एक लाख भागिले दहा हजार बरोबर १०. पेपरात मात्र पूर्ण एकक लिहूनच सोडवा, स्टेपचे मार्क असतात.

सूत्र उलटंही फिरवता येतं आणि टायरचं उदाहरण त्याला छान आहे. कार माणसांसकट १,२०० किलो धरा, चार चाकं, एका चाकावर ३०० किलो म्हणजे २,९४० न्यूटन. हवा ३२ पीएसआय, म्हणजे साधारण २.२ बार, २,२०,००० पास्कल. क्षेत्रफळ बरोबर बल भागिले दाब, २,९४० भागिले २,२०,०००, आलं ०.०१३४ चौरस मीटर, १३४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे नागपूरच्या वर्धा रोडवर धावणारी एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती चार हाताच्या पंजांएवढ्या जागेवर. टायरच्या रबराचा स्वतःचा कडकपणा थोडं वजन घेतो, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, पण हवा कमी झाली की टायर पसरतं काहून ते यात दिसतं: वजन तेच, दाब कमी, तं क्षेत्रफळ वाढलंच पाहिजे.

आता दाब कोणता घ्यायचा, ही खरी बारीक गोष्ट. गेज जो दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते दाखवतं. पंक्चर टायरला गेज लावलं तर शून्य दाखवेल, पण आत हवा तर आहेच, बाहेरच्या दाबाची. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल धरतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, म्हणून इथं तो थोडा कमी, ९७,००० च्या आसपास. तुमचा तळहात समजा १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर, ०.०१ चौरस मीटर, त्यावर हवेचं बल ९७० न्यूटन, ९९ किलो! मग हात खाली काहून जात नाही? कारण हाताच्या खालूनही हवा तेवढ्याच जोराने वर ढकलून राहिली आहे. म्हणून नियम असा ठेवा की पृष्ठाच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते आधी पाहायचं आणि दोन्ही दाबांमधला फरक घ्यायचा. कुकरच्या बाहेर हवा आहे, म्हणून गेजचा दाब चालला. एका बाजूला निर्वात असेल तर मात्र पूर्ण दाब घ्यावा लागतो.

निर्वाताचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ओटो फॉन गेरिकेचं, १६५० च्या दशकातलं. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले, आतली हवा पंपाने काढून घेतली आणि दोन्हीकडून घोडे जुंपून ओढले तरी ते सुटेनात. व्यास अर्धा मीटर धरून बल काढू. इथं क्षेत्रफळाचा प्रश्न येतो आणि हुशार मुलंही चकतात. अर्धगोलाचं वक्र पृष्ठफळ २ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग, ते घेतलं की उत्तर नेमकं दुप्पट येतं. दाबामुळे येणारं बल पृष्ठाला सगळीकडे काटकोनात असतं, अर्धगोलाच्या कडेला ते आडवं लागतं, आणि समोरासमोरची आडवी बलं एकमेकांना रद्द करतात. ओढण्याच्या दिशेत शिल्लक राहतं ते फक्त तोंडाच्या वर्तुळाएवढं. म्हणून ३.१४ गुणिले ०.२५ गुणिले ०.२५, ०.१९६ चौरस मीटर, गुणिले १,०१,३२५, म्हणजे साधारण १९,९०० न्यूटन, दोन टनांच्या आसपास. पूर्ण निर्वात तेव्हा होणं शक्य नव्हतं, तेव्हा प्रत्यक्षात याहून थोडं कमी असेल. कुकरचं झाकण वर फुगीर असतं तरी मी नुसतं वर्तुळ धरलं ते याच कारणाने. दिशा ठरवा, त्या दिशेने वस्तूकडे पाहा, तिची जी सावली पडेल ते क्षेत्रफळ.

हिंगण्याला किंवा बुटीबोरीला, नागपूरकडच्या एमआयडीसीत, कामाला असलेल्यांना क्षेत्रफळाचा हा मुद्दा रोज भेटतो. हवेवर चालणारा सिलिंडर घ्या, बोअर म्हणजे आतला व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनच्या रॉडचा व्यास २० मिलिमीटर, लाइनमध्ये ६ बार. बाहेर ढकलताना हवा पिस्टनच्या पूर्ण तोंडावर लागते: त्रिज्या २.५ सेंटीमीटर, क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर, शॉर्टकटने ६ गुणिले १९.६ गुणिले १० म्हणजे १,१७६ न्यूटन, १२० किलो. परत ओढताना हवा रॉडच्या बाजूने येते, आणि जिथं रॉड आहे तिथं तिला जागाच नाही. रॉडचं क्षेत्रफळ ३.१४ वजा करा, राहिले साधारण १६.५, बल ९९० न्यूटन, १०१ किलो. सिलिंडर तोच, हवा तीच, पण ओढायची ताकद जवळजवळ १६ टक्के कमी. जॉब ढकलला जातो पण परत ओढताना अडतो अशी तक्रार असेल तर मशीनला दोष देण्याआधी हा हिशोब करून पाहा. सीलच्या घर्षणात थोडं बल जातं ते वेगळं, म्हणून सिलिंडर निवडताना हातचं राखून निवडतात.

हायड्रॉलिक जॅक तर नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांच्या लाइनीत कधीही बघायला मिळेल. माणूस दांडीवर २० किलोचा जोर लावतो आणि टनावारी वजनाचा ट्रक उचलला जातो. पायरी पायरीने पाहू. २० किलो म्हणजे १९६ न्यूटन. दांडी लांब असते, तरफेने जोर समजा दहापट होतो, म्हणजे छोट्या पिस्टनवर १,९६० न्यूटन. छोट्या पिस्टनचा व्यास १ सेंटीमीटर, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर. दाब काढायचा म्हणून भागाकार, शॉर्टकट उलटा, ०.७८५ गुणिले १० म्हणजे ७.८५ ने: १,९६० भागिले ७.८५, साधारण २५० बार. बंद जागेतल्या द्रवावर कुठंही दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम, तेव्हा मोठ्या पिस्टनखालीही २५० बार. त्याचा व्यास ४ सेंटीमीटर, क्षेत्रफळ १२.५६, आता गुणाकार: २५० गुणिले १२.५६ गुणिले १०, ३१,४०० न्यूटन, ३.२ टन. व्यास चौपट आणि बल सोळापट, कारण क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग असतो. फुकट मात्र काही मिळत नाही, छोटा पिस्टन १६ मिलिमीटर खाली जातो तेव्हा मोठा फक्त १ मिलिमीटर वर येतो, म्हणूनच तो माणूस एवढा वेळ दांडी मारत बसतो.

आतापर्यंत दाब पूर्ण पृष्ठावर सारखा होता. पाण्यात तसं नसतं, खोल गेलं की दाब वाढतो: घनता गुणिले ९.८ गुणिले खोली, पाण्याची घनता घनमीटरला १,००० किलो. जमिनीच्या वर बांधलेली विटांची टाकी घ्या, लांबी-रुंदी २ मीटर, पाणी १.५ मीटर भरलेलं. तळाशी दाब १४,७०० पास्कल, तळाचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, बल ५८,८०० न्यूटन, म्हणजे ६,००० किलो. पडताळा बघा, टाकीत पाणी ६ घनमीटर, वजन ६ टनच, जुळलं. भिंतीवर मात्र वर दाब शून्य आणि खाली १४,७००, मधे हळूहळू वाढत जाणारा. भिंत सरळ आयताकृती आहे तोपर्यंत सरासरी घेतली तरी चालते: ७,३५०. भिंतीचं ओलं क्षेत्रफळ २ गुणिले १.५, ३ चौरस मीटर. बल २२,०५० न्यूटन, सव्वादोन टन, एकेका भिंतीवर! हे बल भिंतीच्या मधोमध लागत नाही, दाब खाली जास्त असल्याने तळापासून एक तृतीयांश उंचीवर, इथं अर्ध्या मीटरवर लागतं. आणि पाणी १.५ च्या जागी ३ मीटर भरलं तर सरासरी दाबही दुप्पट आणि ओलं क्षेत्रफळही दुप्पट, म्हणजे बल चौपट. उन्हाळ्यात पाणी साठवायला लागतं म्हणून टाकीची भिंत नुसती दोन-चार विटांनी उंच करणारे लोक असतात, त्यांनी हा चौपटीचा हिशोब गवंड्यासमोर बसून करावा. भिंत पडते तेव्हा सांगून पडत नाही.

शेवटचं उदाहरण टिनाच्या शेडचं, कारण आपल्याकडे मे महिन्यात दुपारनंतर वादळ उठलं की टिना उडतात आणि त्या कोणाच्या अंगावर पडतील सांगता येत नाही. वाऱ्याचा दाब मोटामोटी अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. तापलेल्या हवेची घनता इथं घनमीटरला १.१ किलो धरा, वारा ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. ०.५ गुणिले १.१ गुणिले ४००, २२० पास्कल. कुकरच्या ९८,००० समोर हे काहीच नाही असं वाटतं, पण पत्रा ३ मीटर बाय १ मीटर आहे, क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. बल ६६० न्यूटन, ६७ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अशा लोखंडी पत्र्याचं स्वतःचं वजन १२ किलोच्या आसपास. वारा ताशी १०० किलोमीटर झाला तर दाब ४२५ पास्कल आणि बल १,२७५ न्यूटन, १३० किलो. छपराच्या कडेला आणि कोपऱ्याला वरच्या दिशेची ओढ याहून जास्त असते, आणि शेड एका बाजूने उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो, तेव्हा हिशोब करताना बल दुप्पट धरलेलं बरं, २६० किलो. पत्र्याला सहा हुक असले तर एकेका हुकावर ४३ किलो येतात, त्यातले तीन गंजून गेले असतील तर उरलेल्या तिघांवर ८७. आपल्या शेडच्या पत्र्याची लांबी-रुंदी टेपने मोजा, किती हुक शाबूत आहेत ते मोजा आणि हाच भागाकार स्वतःच्या आकड्यांनी एकदा करा, वादळं सुरू व्हायच्या आधी.